जुन्या वाड्यात राखाडी रंगसंगती: शेडकार्ड उघडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाईजवळच्या गावात आजोबांचे दुमजली घर आहे. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा विटांचा, मध्ये लहान चौक, ओसरीला सागवानी खांब, माजघरावर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेले छत). जुना बाज ठेवून सगळ्या घराला राखाडी छटा द्यायची आहे. ठेकेदाराने सुचवले आहे की आतून सिमेंटचा गिलावा करावा, त्यावर गडद ग्रे प्लॅस्टिक पेंट द्यावा, उखडलेली शहाबादी काढून ग्रे व्हिट्रिफाइड टाइल बसवावी आणि कडीपाटाखाली पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) छत करावे. शेड कोणती घ्यावी आणि एवढे केल्यावर घर जुन्या वळणाचे वाटेल का, असे तुम्ही विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही वाटणार. शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये चार जुने खांब आणून उभे केल्यासारखे दिसेल. शिवाय दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचा खालचा भाग फुगून रंग सुटायला लागेल. शेडचा प्रश्न म्हणूनच नंतरचा. तुमच्या घरात राखाडी रंग आधीपासूनच आहे. तो जोत्याच्या दगडात आहे, खांबांखालच्या तळखड्यांत आहे, शहाबादीत आहे. मुद्दा आहे तो ही राखाडी उघडी करून भिंतींचा रंग तिच्याशी जुळवण्याचा. डब्यातला ग्रे सगळीकडे फासला की खऱ्या दगडाचा ग्रे त्यापुढे मळका दिसतो, आणि मग लोक दगडालाही पॉलिश मारून बसतात.

काही गोष्टी जागेवर पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. दगडी भिंत मातीत बांधली आहे की चुन्यात, यावर पुढचे बरेच काम अवलंबून आहे. दर्जेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला, एक तुकडा खिळ्याने उकरून पाण्यात टाका. विरघळून गाळ झाला तर माती. तसाच राहिला आणि व्हिनेगरचे दोन थेंब टाकल्यावर फसफसला तर चुना. कुठल्या भिंतीला पोट आले असेल, तुळई खांबाच्या डोक्यावरून सरकलेली दिसत असेल किंवा माडीवर चालताना एखादा खण (दोन तुळयांमधला भाग) हलत असेल, तर रंगाची चर्चा थांबवा आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवा. यापुढचे सगळे घर मुळात उभे राहण्याजोगे आहे असे धरून लिहितो.

ओल आणि सिमेंट

जुनी दगडी भिंत जमिनीतून थोडी ओल घेते आणि अंगावरून हवेत सोडते. माती आणि चुना दोन्ही ओल जाऊ देतात, म्हणून ती शंभर वर्षे टिकली. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती वर चढते. पूर्वी फूटभर असलेली ओल तीन-चार फुटांवर येते, सोबत क्षार आणते, आणि जिथे पाणी सुकते तिथे लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो. भिंतीत गाडलेली तुळईची टोकेही याच ओलीने कुजतात, आणि ती कुजताना दिसत नाहीत. गडद ग्रे पेंटवर या क्षारांचे पांढरे डाग सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिसतात. ठेकेदाराचा प्रस्ताव या घराला न मानवण्याचे हे पहिले कारण.

ओल कुठून येते ते शोधायला एक सोपी चाचणी आहे. फूटभर चौरस जाड प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही, भिंतीचा दोष नाही.

बाहेरून एक फेरी मारा. गावोगावी दिसणारे कारण असे की समोरचा रस्ता दर वेळी काँक्रीट टाकून वर आला आणि घराचे जोते खाली गेले. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. रस्ता खाली नेता येत नसेल तर भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीची चर खणून तीत खडी भरा आणि तिला उतार देऊन पाणी लांब काढा. पागोळ्या जोत्याच्या अंगावर पडत असतील तर पन्हळ लावा. भिंतीपासून दोन फुटांपर्यंत कोबा केलेला असेल तर तो फोडा, कारण कोब्याखालची ओल सरळ भिंतीकडे वळते. चर खणताना पायाच्या खाली जाऊ नका, आणि एका वेळी सहा-आठ फुटांपेक्षा जास्त लांबी उघडी ठेवू नका.

आत काही भागात आधीच सिमेंट गिलावा झालेला असेल तर सगळा काढायचा हट्ट नको. जिथे कोरडा आणि घट्ट आहे तिथे राहू द्या. जिथे पोकळ वाजतो किंवा ओल आहे तिथे ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर मशीन लावू नका, मातीतली भिंत त्या धक्क्याने आतून सैल होते. उघडी केलेली भिंत एक उन्हाळाभर तशीच सुकू देता आली तर उत्तम. लोणा कोरड्या ब्रशने झाडून कचरा बाहेर टाका. तो पाण्याने धुतला तर क्षार परत आत जातात.

राखाडी गिलावा

इथे तुमच्या भागाचा मोठा फायदा आहे. सगळ्या खाणी काळ्या दगडाच्या, त्यामुळे क्रशरवरची वाळूही राखाडी. हीच वाळू चुन्यात घातली की कसलाही रंग न टाकता फिकट, किंचित ऊब असलेला राखाडी गिलावा मिळतो. तो तुमच्याच जोत्याच्या दगडाच्या जातीचा असल्याने शेजारी परका दिसत नाही. रंगाच्या डब्यातून ही छटा मिळत नाही, कारण हिच्यात बारीक काळे-पांढरे कण वेगवेगळे दिसतात.

वाळू धुतलेली घ्या. क्रशरच्या चुऱ्यात पिठासारखी भुकटी जास्त असते. ती तशीच गेली तर गिलाव्याला जाळीसारख्या भेगा पडतात. मूठभर वाळू बाटलीत पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वर साचलेला भुकटीचा थर वाळूच्या दहाव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर ती धुतल्याशिवाय वापरू नका.

चुना शक्यतो कळीचा (भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला) घ्या आणि निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवा. विरवताना आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. कळीवर पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे सक्तीचे. कळी मिळत नसेल तर पोत्यातला हायड्रेटेड चुना चालेल, तोही पाण्यात कालवून लगदा करून दोन-चार दिवस ठेवलेला बरा. पोते ताज्या उत्पादनाचे हवे, उघडे पडलेल्या पोत्यातला चुना हवेने मरतो.

पहिल्या थराला ओलीच्या भागात १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू घ्या. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची भुकटी. तिने गिलावा ओलीतही धरतो. पण ती लालसर असते, म्हणून फक्त आतल्या थरात घाला, नाहीतर वरची राखाडी गुलाबीकडे झुकते. कोरड्या भागात १ भाग चुना आणि अडीच भाग वाळू पुरते. वरचा थर १ ला २, वाळू बारीक चाळलेली. एक थर दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दोन थरांत निदान दहा दिवस जाऊ द्या. सकाळ-संध्याकाळ हलके पाणी शिंपडा, गोणपाट लावून ऊन आणि वारा अडवा, आठवडाभर तरी. सिमेंटच्या सवयीने गवंडी दुसऱ्याच दिवशी वरचा हात मारायला येतो. त्याला थांबवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेत सावकाश कठीण होतो, घाईने चढवलेला वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

हिरडा आणि गुळाचे पाणी घालण्याची रीत चांगली आहे, पण ज्याने ती प्रत्यक्ष केली आहे अशा कारागिराच्या हातूनच. गूळ जास्त झाला तर गिलावा धरायला वेळ लावतो आणि मुंग्या लागतात.

वर कुठलाही रंग न देता हा गिलावा ओसरीत आणि चौकाभोवती तसाच ठेवा. शेवटचा हात ओलसर असतानाच लाकडी थापीने दाबून आणि गुळगुळीत गोट्याने घोटून घेतला तर त्यावर मंद चकाकी येते. घोटाई सगळ्या घरात परवडत नाही, वेळही फार खाते. ओसरीच्या बैठकीमागची एक भिंत केली तरी पुष्कळ झाले.

आतल्या खोल्यांचा रंग

माजघरात उजेड चौकातून येतो, म्हणजे वरच्या आकाशाचा. तो निळसर असतो. अशा उजेडात थंड राखाडी आणखी निळी पडते, आणि तिच्या शेजारी सागवान नारिंगी दिसायला लागते. पुष्कळ घरांत लोक तक्रार लाकडाची करतात, पण दोष भिंतीच्या छटेचा असतो. म्हणून आतल्या खोल्यांची राखाडी पिवळ्या मातीकडे झुकणारी आणि फिकट हवी. गडद ग्रे माजघरात नको. खणांची उंची कमी, खिडक्या लहान, त्यात गडद भिंत म्हणजे दिवसाही दिवा लावावा लागेल.

चुन्याच्या धुलाईत (भिंतीला द्यायच्या पातळ चुन्याच्या हातात) राखाडी करायला काळा आयर्न ऑक्साइड घ्या. काजळीनेही राखाडी येते, पण ती निळसर येते आणि काजळी पाण्यावर तरंगते, नीट मिसळत नाही. उबेसाठी पिवळा ऑक्साइड किंवा पिवळी माती, काळ्याच्या साधारण एक तृतीयांश. चुन्यात टिकणारे रंग मोजकेच आहेत, म्हणून कापड रंगवायचे किंवा सजावटीचे रंग घालू नका.

एका खोलीच्या साधारण ४०० चौरस फूट भिंतीसाठी १० किलो चुन्याचा लगदा आणि २५ लिटर पाणी घ्या. दाटी सायविरहित दुधाइतकी पातळ हवी. बारीक कापडातून गाळा. फिकट राखाडीला १०० ते १५० ग्रॅम काळा, मध्यम छटेला २५० ते ३०० ग्रॅम. या मापाला एकूण रंगद्रव्य ५०० ग्रॅमच्या वर नेले की चुना ते धरू शकत नाही आणि भिंतीला टेकले की कपड्यांना लागते. म्हणूनच चुन्यात कोळशासारखा गडद ग्रे येत नाही, तो हट्ट सोडावा. रंगद्रव्य आधी थोड्या गरम पाण्यात घोटून मगच चुन्यात घाला, नाहीतर भिंतीवर काळ्या रेघा उमटतात. पूर्ण खोलीचे एकाच वेळी कालवा, दुसऱ्यांदा कालवलेले कधीच तंतोतंत जुळत नाही. वापरताना दर पाच-दहा मिनिटांनी ढवळत राहा, रंग तळाशी बसतो.

भिंत आधी पाणी मारून ओलसर करा. चार पातळ हात द्या, दोन हातांत एक दिवस. जाड दोन हात दिले तर भेगाळून झडतात. ओला असताना रंग फार गडद आणि पारदर्शक दिसतो, सुकल्यावर कितीतरी फिकट होतो. पहिला हात पाहून घाबरून आणखी चुना घालू नका. आधी दोन बाय तीन फुटांचे तीन नमुने करा, दोन भिंतींवर, चारही हातांसकट. आठवडाभर थांबा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्यात पाहा, मग ठरवा.

चुना प्लॅस्टिक पेंटवर किंवा तैलरंगावर धरत नाही. भिंतीवर पाणी शिंपडा. ओघळून गेले तर आधीचा रंग खरवडून काढावा लागेल, शोषले गेले तर चुना चालेल. वरच्या मजल्याच्या विटांच्या भिंती कोरड्या असतील आणि आधीचा प्लॅस्टिक पेंट काढण्याची तयारी नसेल तर तिथे मॅट इमल्शन द्यायला माझी हरकत नाही. शेड निवडताना कार्डावर एलआरव्ही हा आकडा पाहा, ती रंग किती उजेड परत फेकतो याची टक्केवारी. कमी उजेडाच्या खोलीला ६० च्या आसपास किंवा वर घ्या. ४० च्या खाली गेलात तर फक्त एखाद्या कोनाड्याच्या आतल्या बाजूला. आणि चकाकणारा फिनिश घेऊ नका, जुनी भिंत सरळ नसते, चकाकीत तिची प्रत्येक लाट दिसते.

खाली तीन फुटांचा पट्टा एक छटा गडद ठेवा. पाठ टेकते, केरसुणी लागते, पाण्याचे शिंतोडे उडतात ती जागा हीच. जुन्या घरांत इथे गेरूचा पट्टा असतो, तुम्ही त्या जागी मध्यम राखाडी घ्या. वर्षा-दोन वर्षांनी एवढ्याच पट्ट्याला हात मारला तरी खोली नवी दिसते.

देवघराला मात्र राखाडी देऊ नका. स्वच्छ पांढरा चुना ठेवा. समईच्या उजेडात तो जसा उजळतो तसा राखाडी उजळत नाही.

दगड

जोत्याचा आणि तळमजल्याचा दगड बाहेरून दिसत असेल तर त्यावर चढलेले चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर काढा, पण अॅसिड वापरू नका. काळ्या दगडाला त्याने लगेच काही होत नसले तरी दर्जेतला चुना विरघळतो. ओले गोणपाट लावून थर मऊ करायचे, लाकडी पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचे. सँडब्लास्टिंगही नको, टाकीच्या (दगड घडवायच्या छिन्नीच्या) घावांच्या रेघा बुजतात आणि जुन्या घडीव दगडाची ओळख त्याच रेघांत असते.

दर्जा भरताना जुना सैल माल रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढा, पाणी मारा आणि चुना-वाळूने भरा. दगडाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. दगडावर चढणाऱ्या फुगीर सिमेंटच्या पट्ट्या करायची गवंड्यांना सवय आहे. त्या दिसतात वाईट, आणि सिमेंट दगडाच्या कडेशी सुटून फटीतून पाणी आत जाते. भिंत मातीतली असेल तर एका वेळी लहान भागच उकरा.

दगडाला वॉर्निश किंवा स्टोन पॉलिश मारू नका. कोरडा काळा दगड मुळात राखाडीच असतो. पॉलिशने तो कायमचा ओला-काळा दिसतो आणि काही वर्षांत पिवळट पापुद्रे निघतात. हवी ती राखाडी तुम्हीच झाकून टाकता.

फरशी

उखडलेली शहाबादी टाकून देऊ नका. काळजीपूर्वक काढा, पाठीवरचा जुना माल झाडा आणि धड तुकडे वेगळे ठेवा. साधारणपणे निम्म्याहून जास्त परत वापरता येते. कमी पडेल तेवढी नवी आणा, पण नवी आणि जुनी एकाच खोलीत मिसळू नका. छटा वेगळी असते आणि जुनी पायांनी झिजून गुळगुळीत झालेली असते. जुनी ओसरीत, नवी माडीखालच्या आतल्या खोल्यांत, असे वाटून घ्या. शहाबादी मिळाली नाही तर राखाडी तांदूर जवळची. कोटा हिरवट-निळसर झुकतो, सागवानाजवळ तो चालतो, पण चुन्याच्या उबदार राखाडीशेजारी थोडा वेगळा पडतो.

बसवताना फरशी आधी पाण्यात भिजवा. सांधा तीन-चार मिलिमीटरचा ठेवा आणि तो फरशीपेक्षा अर्धी छटा गडद भरा. पांढरा सांधा चौकटींचे जाळे उठवतो. मिरर पॉलिश टाळा, साधी घासलेली पुरे. चौकात तर अजिबात पॉलिश नको, पावसात पाय घसरतो. तिथे टाकी मारलेला दगड किंवा खडबडीत फरशी लावा आणि मोरीकडे पाच फुटांना एक इंच उतार द्या. शहाबादी, कोटा, तांदूर तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच, बाथरूमचे अॅसिड पडले की चकाकी जाऊन पांढरा डाग राहतो आणि तो पुसून जात नाही. मजूर काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला अॅसिड ओततात, त्या दिवशी स्वतः हजर राहा. स्वयंपाकघरात तेल शोषले जाऊ नये म्हणून दगडाला मुरणारे सीलर द्या, थर धरणारे नको.

लाकूड आणि कडीपाट

राखाडी घराला ऊब लाकडाने येते, म्हणून खांब, हस्त (खांबाच्या डोक्यावरचे लाकडी आधार), तुळया यांवरचा जुना तैलरंग काढण्यावर खर्च करा. पण एक धोका आहे. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतले शिसे ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणले. त्याआधीच्या तैलरंगात ते भरपूर असू शकते. कोरडी घासाई किंवा आगीने जाळणे टाळा. पेंट रिमूव्हर लावून ओले खरवडा, चांगला मास्क वापरा, काढलेला कचरा गोळा करा आणि तेवढे दिवस लहान मुलांना घरापासून लांब ठेवा.

लाकडाला राखाडी वॉश देण्याची हल्लीची पद्धत सागवानावर करू नका. त्याने जुने सागवान प्लायवूडसारखे दिसते. डबल बॉइल्ड जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, पहिला हात. अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून काढा, नाहीतर महिनोन्महिने चिकट राहते. दोन-तीन दिवसांनी दुसरा पातळ हात. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा.

कडीपाट झाकू नका. पीओपीच्या मागे गळती, वाळवी आणि उंदीर तीन वर्षे कळत नाहीत, आणि आधीच कमी असलेली उंची आणखी सहा इंचांनी जाते. माजघर फार काळोखे वाटत असेल तर पाट फिकट करून कड्या लाकडाच्या रंगात ठेवा. मात्र पाट सागाचे असतील तर त्यांना हात लावू नका. मधल्या काळात बदललेले आंब्याचे किंवा जंगली लाकडाचे असतील तर खुशाल फिकट राखाडी-पांढरा पातळ हात द्या. वाळवीचा उपचार परवानाधारक माणसाकडून, गिलाव्याच्या आधी.

कडीपाटावर न्हाणीघर बांधू नका. माडीवर ते लागणारच असेल तर एका बाजूला जमिनीपासून स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर.

दिवे, तारा आणि बाकी सामान

राखाडी बिघडवण्यात दिव्यांचा वाटा मोठा. ६५०० केल्विनचे (हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर) पांढरे एलईडी लावले तर हीच भिंत दवाखान्याची दिसते. २७०० ते ३००० केल्विन घ्या, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या पुढे. दगडी भिंतीपासून सहा इंचांवर जमिनीलगत किंवा तुळईआड दिवा ठेवून उजेड भिंतीवरून खरडत जाऊ द्या, टाकीचे घाव उठून दिसतात. छताच्या मधोमध एक प्रखर दिवा लावला तर दगड सपाट होतो.

तारांसाठी जुन्या भिंतीत आडव्या खाचा मारू नका, दगडात तर नाहीच. तुळईच्या वरच्या कडेने किंवा खांबाच्या मागून उघड्या पाइपातून न्या. बटणांचे फळे लाकडी. ही कामे गिलाव्याच्या आधी संपली पाहिजेत.

बाकी सजावट थोडी ठेवा. बिनरंगी काळी-करडी घोंगडी ही आपल्याकडची सर्वांत सुंदर राखाडी आहे, झोपाळ्यावर आणि बैठकीवर तिच्याइतके काही शोभत नाही. पितळ आणि तांबे राखाडीपुढे उजळून दिसतात, म्हणून कोनाड्यांत एक-एक भांडे पुरे, ओळीने मांडू नका. बिदरी काम असेल तर त्याचा काळा आणि चांदीचा मेळ इथे छान बसतो. रंगाची भूक एका ठिकाणी भागवा: खणाच्या कापडाच्या उशा किंवा दिंडीच्या दाराचा पडदा. चार ठिकाणी चार रंग आले की राखाडी भिंत फिकी आणि मळकट वाटते.

वेळ मिळाला तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहून या, वाईपासून तीन-चार किलोमीटरच आहे. घाटाचा दगड कोरडा असताना आणि ओला असताना, दोन्ही वेळा पाहा. दगडाची राखाडी किती बदलते हे तिथे कळते आणि शेडकार्ड बघण्याची पद्धतच बदलते.

क्रम आणि पैसे

कौले आणि गळती, मग बाहेरचे पाणी, मग वाळवी आणि लाकडाची दुरुस्ती, मग नळ आणि तारा, मग गिलावा, फरशी, लाकडाचे तेल, आणि सगळ्यात शेवटी चुन्याची धुलाई. फरशी गिलाव्यानंतर, कारण चुन्याचे डाग तिच्यावर बसतात. धुलाई करताना ती प्लॅस्टिक आणि गोणपाटाने झाका. गिलाव्याचे काम दसऱ्यानंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना जळतो, पावसाळ्यात सुकत नाही. तुम्ही आता लगेच सुरू करायचे म्हणता, तर पावसाआधी कौले आणि चर एवढेच उरका, आणि एक पावसाळा भिंती कशा वागतात ते पाहून घ्या. कुठे ओल येते त्या जागी खडूने तारीख घालून खूण करत गेलात तर दसऱ्याला गवंड्याला नेमके दाखवता येईल.

पैसे कमी पडले तर घोटाई सोडा, नवी फरशी पुढच्या वर्षावर ढकला, माडी तशीच राहू द्या. पाण्याची वाट, छप्पर आणि चुन्याचा गिलावा यांत काटकसर करू नका. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नसेल तर जुन्या देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारा. त्याला आधी मागच्या अंगणाकडची एक लहान भिंत द्या, तीन आठवडे थांबा, नखाने खरवडून पाहा. भुकटी पडली नाही तर पुढचे काम द्या.

धुलाई झाली की उरलेला मुरवलेला चुना झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत वर दोन बोटे पाणी ठेवून जपा, तो वर्षानुवर्षे टिकतो. रंगद्रव्याचे नेमके वजन बादलीवरच लिहून ठेवा, पुढच्या दिवाळीला खालच्या पट्ट्याला हात मारताना तेच लागेल.